उघड्या डोळ्यांची शांती

१

दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. कविता, आत्मकथन, कथा, नाटक यांचे निकष कोणते असावेत यावर आपण चर्चासत्रे घेतली, वाद घातले, अंक काढले. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या १९९६ सालच्या ग्रंथात आनंद हा दलित साहित्याचा निकष होऊ शकत नाही, हे ठासून मांडले. परंतु ज्या कलाकृतीसमोर आपल्या आयाबहिणी रोज संध्याकाळी हात जोडून बसतात, तिची समीक्षा करायची मात्र आपल्याकडून राहून गेली. ती कलाकृती म्हणजे विहारातील बुद्धमूर्ती. आणि तिच्याभोवती उभे केलेले विहार. आमची कविता ज्याने कधी वाचली नाही, त्याच्यापर्यंतही ही मूर्ती पोहोचली आहे. मग तिच्याविषयी आपण गप्प का?

कारण उघड आहे. विहार हा श्रद्धेचा विषय, तिथे चिकित्सा कशाला, हा संकोच आपल्या मनात आहे. पण चिकित्सेला बंदी घालणारा धर्म आपण १९५६ साली मागे टाकून आलो. तेव्हा हा संकोच आपणच सोडला पाहिजे.

विहारात गेल्यावर मनाला शांती मिळते, असे सगळेच म्हणतात. ही शांती कोणती, ती कोणाला परवडते, आणि आमच्या मूर्तींतून, आमच्या विहारांच्या रचनेतून ती कोणत्या रूपाने व्यक्त होते, एवढाच प्रश्न या लेखापुरता घेतला आहे. तो मी काळेवाडीत बसून विचारतो आहे, आणि हे ठिकाण प्रश्नाला सोडून नाही.

२

काळेवाडी नावाने वाडी आहे, पण तिची आजची वस्ती कारखान्यांनी घडवली आहे. पवनेच्या अलीकडे काळेवाडी, पलीकडे पिंपरी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेतल्या, मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. १९७२ च्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या अनेक दुष्काळांनी मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून माणसे इकडे लोटली. त्यांत आपली माणसे होती. आधी कायम कामगार झाले, पुढे कायम हा शब्दच गेला आणि ठेकेदाराचा कामगार आला. आज काळेवाडीच्या दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत राहणारा पोरगा पहाटेच्या बसने चाकणला जातो आणि रात्री परत येतो. पाळी बदलली की झोप बदलते. ठेकेदार बदलला की हजेरीचा हिशेब बदलतो.

अशा वस्त्यांतली विहारे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. वर्गणी काढून बांधलेली एक खोली, फरशी, समोर चौथरा. चौथऱ्यावर प्लास्टरची किंवा फायबरची, ऐपत असेल तर संगमरवराची बुद्धमूर्ती. शेजारी बाबासाहेबांचा अर्धपुतळा किंवा तसबीर. मूर्तीमागे विजेच्या दिव्यांची प्रभावळ. भिंतीवर त्रिशरण-पंचशील आणि देणगीदारांच्या नावांची फरशी. संध्याकाळी वंदना होते, आणि मग बहुतेक ठिकाणी कुलूप लागते.

याच काळेवाडीच्या एका अंगाला वाकड-रहाटणीचे उंच टॉवर उभे राहिले आहेत. त्यांच्या दारातही बुद्ध आहे. लॉबीत पाण्याच्या कारंज्याशेजारी, मसाज पार्लरच्या काचेवर, हॉटेलच्या जिन्यात. पण तो बहुधा नुसते डोके असतो. धड नाही, हात नाहीत. जगाच्या मूर्तीबाजारात ही चाल पडली तिला इतिहास आहे : कंबोडियापासून गांधारापर्यंत चोरट्यांनी मूर्तींची मस्तके कापून नेली, कारण मस्तक उचलायला सोपे. ज्या हाताने बुद्धाने भूमीला साक्षी ठेवले तो हात मागेच राहिला, आणि मिटलेल्या पापण्यांचे मुंडके ‘शांती’ म्हणून विकले गेले. टॉवरच्या दारातल्या या बुद्धाला कोणी प्रश्न विचारत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही. घरात येणारी मोलकरीण कोणत्या वस्तीतून आली, सुरक्षारक्षकाला बारा तासांचे किती मिळतात, हे त्याने पाहू नये म्हणूनच जणू त्याचे डोळे मिटलेले आहेत.

हा बुद्ध आपला नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अवघड प्रश्न पुढचा आहे. आमच्या विहारातला बुद्ध त्याच्याहून किती वेगळा आहे?

३

उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. पवनेचा पूल ओलांडून पिंपरीला आले आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चिंचवड, आकुर्डी, निगडी मागे टाकली की देहूरोड येते. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. मूर्तीही रंगूनहूनच आणलेली. नागपूरच्या धर्मांतराला अजून जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. आज लोक त्या जागेला धर्मभूमी म्हणतात आणि दर २५ डिसेंबरला तिथे जमतात.

या घटनेत कलाविचाराच्या दृष्टीने तीन गोष्टी आहेत, त्यांकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पहिली गोष्ट तारखेची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. बरोबर सत्तावीस वर्षांनी त्याच दिवशी देहूरोडला मूर्ती बसली. तारीख जाणून निवडली की योगायोगाने आली, या वादात मी पडत नाही. ज्या हाताने नकार दिला त्याच हाताने निर्मिती केली, आणि या दोन्ही कृती एकाच विचाराच्या आहेत, एवढे समजले तरी पुरे. आमच्या विहारातली मूर्ती ही जाळलेल्या ग्रंथाच्या जागी ठेवलेली मूर्ती आहे. तिच्याकडे पाहताना महाड विसरले तर मूर्ती अर्धीच दिसते.

दुसरी गोष्ट चोखोबांची. देहूरोडच्या आपल्या माणसांनी ते मंदिर मुळात चोखामेळ्यासाठी बांधायला घेतले होते, अशी आठवण सांगितली जाते. म्हणजे देवळाच्या पायरीशी थांबवलेल्या संताचे देऊळ बांधायला निघालेली माणसे, बाबासाहेबांच्या सांगण्यावरून, बुद्धाच्या विहारापर्यंत आली. याच समारंभातील भाषणात बाबासाहेबांनी पंढरपूरचा पांडुरंग म्हणजे मूळचा बुद्धच, असे मत मांडले आणि त्यावर लिहिण्याचा मनोदयही सांगितला. तुकारामांचे देहू तिथून हाकेच्या अंतरावर, आणि पालखीचा रस्ता आकुर्डी-पिंपरीवरून जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विधानाचे धैर्य कळते. बाबासाहेब आमच्या वाडवडिलांच्या भक्तीची टिंगल करत नव्हते. त्या भक्तीचा खरा धनी कोण, हे दाखवत होते.

तिसरी गोष्ट पैशाची. लष्करी डेपोच्या आधाराने वाढलेल्या वस्तीतल्या गरीब माणसांनी हे विहार उभे केले. मागे राजा नव्हता, शेठ नव्हता, परदेशी संस्था नव्हती. घामाच्या पैशातून उभी राहिलेली वास्तू ही कलेच्या इतिहासात दुय्यम मानायची का? प्रस्थापित कलासमीक्षा तशी मानते. शिल्प, प्रमाण, शैली यांत बसले नाही की ती त्या वास्तूकडे पाहतही नाही.

४

या प्रश्नाचे उत्तर आमच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीच कोरून ठेवले आहे. देहूरोडजवळच शेलारवाडीचा, म्हणजे घोरावडेश्वराचा डोंगर आहे. मुख्य लेण्यात आज शिवलिंग आहे आणि महाशिवरात्रीला यात्रा भरते. पण तिथला ब्राह्मी लेख वेगळेच सांगतो. धेनुकाकट गावच्या एका कुटुंबिकाची, नांगर धरणाऱ्या उसभणकाची बायको सियगुतनिका हिने आपल्या मुलासह ते लेणे दान दिले. नांगऱ्याची बायको लेणे दान देते! आणि दगडावर दान तिच्या नावाने कोरलेले आहे. आमच्या किती विहारांतल्या देणगीदारांच्या फरशीवर दान बाईच्या नावाने नोंदलेले आहे, हे ज्याने त्याने जाऊन पाहावे.

पुढे मावळात कार्ल्याला गेले की चैत्याचे वैभव दिसते. सगळ्या जंबुद्वीपात हे श्रेष्ठ शैलगृह आहे, असे वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तिथे लिहून ठेवले आहे. श्रीमंताला असे लिहिण्याची हौस तेव्हाही होती. पण त्याच चैत्याच्या दर्शनी भागाच्या कामाशी सामी नावाच्या सुताराचेही नाव कोरलेले आहे, आणि खांबांवर यवनांची नावे आहेत. श्रेष्ठी, सुतार, परदेशी हे सगळे एका छताखाली नावानिशी उभे आहेत. कार्ल्याच्या दारात आज एकवीरेचे मंदिर आहे आणि गर्दी तिचीच असते. लेणी गेली, असे आपण म्हणतो. पण अक्षरे गेली नाहीत, ती वाचायला आपण गेलो नाही.

भाजे इसवी सनापूर्वीचे. तिथल्या चैत्यात बुद्धाची मूर्ती नाही, नुसता स्तूप आहे. बुद्धानंतर कित्येक शतके बुद्धाची मानवी मूर्ती घडवली गेली नव्हती. पाऊल, चक्र, बोधिवृक्ष, स्तूप यांवर काम भागत होते. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती नंतरच्या आहेत, आधीचे कोरीवकाम तोडून त्यांना जागा केलेली आहे. म्हणजे मूर्तीशिवाय धम्म होता, आणि मूर्ती आली तेव्हा काही पुसूनही आली. मूर्ती हे साधन आहे, ती काळाबरोबर बदलते, आणि म्हणूनच आजच्या काळाने तिला आपला प्रश्न विचारणे हे पाप नाही.

५

आता डोळ्यांचा प्रश्न. आमच्या विहारातल्या बहुतेक मूर्ती ध्यानस्थ असतात, डोळे मिटलेल्या किंवा अर्धोन्मीलित. बाबासाहेबांनी उतारवयात कुंचला हाती घेतला आणि बुद्धाचे चित्र काढले ते उघड्या डोळ्यांचे. या एका चित्रात एक कलासिद्धान्त आहे. ज्याने जगाचे दुःख पाहिले, त्याचे डोळे मिटलेले कसे असतील?

हा सिद्धान्त ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या रचनेतही आहे. १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घर सोडतो, ही जुनी कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांच्या आधी धर्मानंद कोसंबी यांनीही या कथेवर शंका घेऊन शाक्य-कोलियांच्या भांडणाकडे लक्ष वेधले होते. बाबासाहेबांच्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात युद्धाची वेळ येते. संघाचे बहुमत युद्धाच्या बाजूने पडते. सिद्धार्थ एकटा विरोध करतो. तेव्हा संघ त्याला काय भीती दाखवतो? कुटुंबाला वाळीत टाकू, जमीन जप्त करू. ही भीती आमच्या ओळखीची आहे. ती गावागावांत आम्हाला दाखवली गेली. सिद्धार्थाचे गृहत्याग हे मनःशांतीच्या शोधात निघालेल्या राजपुत्राचे पलायन राहत नाही. ते पाण्याच्या न्यायासाठी एकट्याने घेतलेल्या भूमिकेचे मोल ठरते. पुढे भांडण मिटल्याचे त्याला कळते, तरीही तो परत फिरत नाही. कारण माणसामाणसांतला, वर्गावर्गांतला संघर्ष मिटलेला नाही, आणि दुःखाचे मूळ त्यात आहे, हे त्याच्या ध्यानात येते.

हा भाग वर्षावासात आमच्या विहारांतून दरवर्षी वाचला जातो. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, भांडीकुंडी आटोपून आलेल्या बाया तासभर बसून ग्रंथ ऐकतात. माझ्या मते आमच्या विहारातली सर्वांत मोठी कला ती आहे. पण वाचन आणि वास्तव यांची गाठ आम्ही घालतो का? ९ ऑगस्ट २०११ चा दिवस आठवा. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी आणायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मेले. त्यांत एक बाई होती. तो वर्षावासाचाच काळ होता. पवनेचे पाणी आम्हीही पितो. रोहिणीचा प्रसंग विहारात वाचला जात होता आणि पवनेच्या पाण्यावर रक्त सांडत होते. त्या रात्री पुस्तक खाली ठेवून किती विहारांत त्यावर बोलणे झाले, हा प्रश्न मी इतरांना विचारत नाही, स्वतःला विचारतो. त्यात शहराची तहान खरी होती आणि शेतकऱ्याची भीतीही खरी होती. अशा वेळी नेमके काय करावे, हे सांगणारा प्रसंग आमच्या हातात उघडा होता, आणि आम्ही तो धार्मिक कथेसारखा ऐकत होतो.

६

म्हणजे ध्यान नको, शांती नको, नुसता मोर्चा हवा, असे मला म्हणायचे आहे का? नाही. आमच्या चळवळीतल्या काही मित्रांनी ध्यानाला सरसकट अफू ठरवले, ती घाई होती.

रात्रपाळी करून आलेल्या पोराच्या डोक्यात मशीनचा आवाज सकाळी दहापर्यंत थांबत नाही. दारूच्या दुकानाचे आणि विहाराचे अंतर सारखेच असते, आणि दुकान उशिरापर्यंत उघडे असते. अपमान गिळत आलेल्या माणसाचा राग घरात बायकोवर निघतो. हा राग ओळखायला, धरायला आणि योग्य ठिकाणी वळवायला शिकवणारी शिस्त आम्हाला हवीच आहे. मनाची शांती ही श्रीमंतांची चैन आहे असे म्हणणे म्हणजे गरिबाला मन नसते असे म्हणणे होय.

तक्रार आहे ती शांती कोणाच्या सोयीने वाटली जाते याबद्दल. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात. गोराईचा प्रचंड पॅगोडा २००९ साली खुला झाला. तिथल्या साधनेने अनेकांना आधार दिला, हे मान्यच केले पाहिजे. शिबिराला फी नाही, हेही खरे. पण दहा दिवस मौन धरायचे तर दहा दिवस सुट्टी हवी. शिबिराला पैसे पडत नाहीत, खाडा पडतो. ठेकेदाराच्या कामगाराला दहा दिवसांच्या गैरहजेरीनंतर गेटवर कोण घेईल? शिवाय दुःखाचे कारण फक्त आपल्या तृष्णेत आहे असे ऐकून परत आलेला माणूस ठेकेदाराच्या तृष्णेचे काय करणार?

दुसरी वाटही आपल्याच परिसरात दिसते. इंग्लंडमधून आलेले संघरक्षित बाबासाहेबांना भेटले होते, आणि ६ डिसेंबर १९५६ ची बातमी आली तेव्हा ते नागपुरात आपल्या शोकाकुल माणसांत होते. त्यांच्या प्रेरणेने १९७९ पासून त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे काम पुणे परिसरात सुरू झाले, दापोडीसारख्या कामगार वस्तीत रुजले, आणि भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी शिबिरांची जागा उभी राहिली. ध्यानाबरोबर दवाखाना, बालवाडी, मुलांची वसतिगृहे ही जोड त्यांनी घातली. या कामावर आक्षेप आहेत. परदेशी पैशाचा आहे, राजकारणापासून अंग राखण्याचा आहे. ते आक्षेप मलाही पटतात. तरीपण मिटलेले डोळे उघडल्यावर समोर वस्ती दिसली पाहिजे, एवढे त्यांना उमगले होते. कामठीचे भव्य ड्रॅगन पॅलेस असो की वस्तीतली पत्र्याची खोली, मी दोन्हींना हाच निकष लावीन.

७

या निकषाने आता आपल्या विहारांकडे पाहू. घुमट किती उंच, मूर्ती थायलंडची की जयपूरची, यावर विहाराची कला ठरत नाही. मूर्तीसमोरची फरशी दिवसातून किती तास माणसांनी भरलेली असते, हा पहिला प्रश्न. दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला जागा नसलेल्या मुलीला तिथे दिव्याखाली बसता येते का? किल्ली कोणाकडे आहे? कमिटीत बायका आहेत की त्यांनी फक्त पौर्णिमेची खीर करायची? ठेकेदाराने पगार बुडवला तर कामगार आधी विहारात येतो की पुढाऱ्याकडे जातो? दानपेटी, नवस, मूर्तीच्या पायाशी नारळ, विजेच्या माळांची चढाओढ, हे सगळे ज्या दारातून येते ते दार आपण बावीस प्रतिज्ञा घेऊन बंद केले होते. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही असे तोंडाने म्हणायचे आणि वागवायचा मात्र देव म्हणून, यात अवतार मागल्या दाराने परत येतो.

मला तरी आमच्या विहारांतली भूमिस्पर्श मुद्रेची मूर्ती सर्वांत जवळची वाटते. उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकलेली. माराने विचारले, तुझा साक्षीदार कोण? सिद्धार्थाने भूमीकडे बोट केले. ज्यांच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचा तुकडा नव्हता, आणि आज ज्यांच्याकडे भाडेकरारही धड नाही, त्यांच्या चौथऱ्यावर हा हात जमिनीला टेकून बसला आहे. आमच्या सौंदर्यशास्त्राला याहून मोठी प्रतिमा शोधायची गरज नाही. ती आमच्यासमोरच आहे. तिला हार घालताना आपण तो हात फुलांखाली झाकून टाकतो, एवढेच.

काळेवाडीच्या कार्यकर्त्यांना, शिक्षकांना, शिकणाऱ्या मुलामुलींना माझी एक साधी सूचना आहे. येत्या वर्षावासात ग्रंथाचे वाचन संपले की रोज अर्धा तास वस्तीच्या प्रश्नावर बोलावे, आणि त्यानंतर पाच मिनिटे सगळ्यांनी शांत बसावे. क्रम उलटा करू नये. बोलून झाल्यावर जी शांतता पसरते तिच्यात माणूस दुसऱ्या दिवशी काय करायचे ते ठरवतो. एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून घोरावडेश्वराचा डोंगर चढावा आणि सियगुतनिकेचे नाव मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. आणि विहाराचे कुलूप काढून किल्ली एखाद्या शिकणाऱ्या मुलीच्या हाती द्यावी.